हौदातल्या बाईचा अन्वय

आमच्या आवारातल्या हौदात बाई आहे, हे पहिल्यांदा मी सांगितलं. मला ते एका म्हातारीनं कानडीत सांगितलं होतं. मला कानडी येत नाही.

खरं तर एवढ्यावर थांबलो तरी चालेल, कारण पुढचं सगळं यातूनच झालं. पण आवारातला प्रत्येकजण ही गोष्ट आपापल्या परीनं सांगतो आणि दर खेपेला मी तिच्यात थोडा जास्त बावळट होतो. म्हणून एकदा माझ्या बाजूनं सांगून टाकतो. (त्यानं फार फरक पडेल असं नाही.)

मी दुष्काळी माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं आणि मी एकदम सांगलीच्या कॉलेजात आलो. राहायला आत्याकडं. आत्याचे यजमान मुंबईला गिरणीत होते, शिमग्याला तेवढे यायचे. आत्याची समजूत अशी, की कॉलेजात गेलेल्या माणसाला सगळं येतं. एकदा तिनं मला कोंबडी खुडूक का झाली ते विचारलं. मला सांगता आलं नाही, तेव्हा ती फार वेळ माझ्याकडं काळजीनं बघत राहिली.

आमचं आवार म्हणजे चार बिऱ्हाडं आणि मध्ये एक दगडी हौद. मालकाच्या मळ्यात मोट सुरू झाली की पाटानं हौदात पाणी यायचं. हौद जुना, शेवाळलेला, छातीइतका खोल. अर्ध्या भागावर फळ्या टाकलेल्या होत्या, त्यामुळं आत कायम अंधार. काठावर उभं राहून काही बोललं की तो तेच थोड्या वेळानं, जरा जाड आवाजात परत म्हणायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता.

हौद एक, पण काठ चार. वाईहून आलेले गुरुजी आणि काकू पूर्वेच्या काठानं पाणी घ्यायचे. (पाटाचं पाणी म्हणजे वाहतं पाणी आणि वाहत्या पाण्याला विटाळ नाही, असं शास्त्र गुरुजींनी काढलेलं होतं. ते नसतं निघालं, तर त्यांना रोज नदीवर जावं लागलं असतं.) पश्चिमेचा काठ चाचीचा. चाची शिवणकाम करायची, तिच्या मशिनीची खडखड हाच आवारातला सगळ्यात मोठा आवाज होता. दक्षिणेचा काठ आमचा आणि साताऱ्याकडच्या हवालदारांचा. हवालदार पेन्शनीत निघालेले, एकटेच, आत्यानं दिलेल्या खोलीत राहायचे आणि दाढीसुद्धा कवायत केल्यासारखी करायचे. उत्तरेच्या काठाला निंगाप्पाची खोली. निंगाप्पा जतकडचा, घोंगड्या विकणारा.

ही सगळी माणसं रोज एकाच पाण्यावर भेटायची आणि एकमेकांशी एकच शब्द बोलायची. "सरका."

त्या वर्षी जतकडं पाणी पार आटलं, म्हणून निंगाप्पानं आपल्या म्हाताऱ्या आईला इकडं आणलं. तिला सगळे अव्वा म्हणायचे. अव्वाला मराठी येत नव्हतं. तिला खोलीत बसवून निंगाप्पा घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन बाजार करायला बाहेर पडला. जाताना आत्याला म्हणाला, "आक्का, महिनाभर येत न्हाई. अव्वाला दोन येळची भाकरी तेवढी पोचवा. तुमच्यावर टाकून चाललोय."

"जा की निवांत," आत्या म्हणाली. "माझी आईच समज."

आणि आठवडा झाला नाही तोवर अव्वानं जेवण टाकलं.

आत्या भाकरी घेऊन जायची. अव्वा दाराआडून हात पुढं करून ताटली घ्यायची, आणि संध्याकाळी भाकरी होती तशी परत. पदर कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढलेला, त्यामुळं तोंड कधी दिसायचं नाही. दिवस मावळला की ती बाहेर येऊन हौदाच्या काठाला टेकून बसायची. मधूनच ओणवी होऊन पदर पाण्यात बुडवायची. आणि मग हलक्या आवाजात कण्हायची. "ऊंऽऽ." थोड्या वेळानं हौद कण्हायचा. "ऊंऽऽ." लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, दिवेलागणीला दिवे लागत नव्हते. त्या करड्या उजेडात ते दोन आवाज ऐकत दाराला कडी घालून बसण्याशिवाय काही सुचायचं नाही. सकाळी हौदापासून निंगाप्पाच्या उंबऱ्यापर्यंत ओल्या पावलांची रांग असायची.

"शिरपा," आत्या मला म्हणाली, "म्हातारी अशीच ऱ्हायली तर निंगाप्पाला काय सांगू? तुझी आय उपाशी मारली म्हनून? तुला कानडी येतं न्हवं?"

"नाही."

"कालिजात शिकवत न्हाईत?"

"नाही."

"मग शिकवत्यात तरी काय?"

त्याच आठवड्यात आमचे एक प्राध्यापक तासाला म्हणाले होते, की आपल्याकडं माणसं शेजारी राहतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, आणि आपली निम्मी दुखणी त्यातूनच येतात. सर असं बरंच काही म्हणायचे. बाकीची मुलं खिडकीतून बाहेर बघायची, मी सगळं मनावर घ्यायचो. मला वाटलं, अव्वाचं दुखणं हेच. परक्या गावात तिच्याशी बोलायला कुणी नाही, म्हणून तिची भूक मेली. आवारानं बोलावं, म्हातारी जेवेल.

मी चारी दारांना जाऊन सांगितलं, "रोज दिवेलागणीला हौदापाशी बसू या. चार घरांचं रॉकेल एका कंदिलात घालू. थोडं बोलत जाऊ."

"कशाबद्दल?" गुरुजींनी विचारलं.

हा विचार मी केलेला नव्हता.

तरी सगळे आले. रॉकेल वाचत होतं. कंदील हौदाच्या फळीवर ठेवला आणि प्रत्येकजण आपापल्या काठाला बसला. अव्वा तिच्या जागी, पदरात. कुणी बोलेना. काकूंनी उगीच बांगड्या मागंपुढं केल्या. हवालदार खाकरले, हौदही खाकरला, आणि मग हवालदार एकदम सावरून बसले.

"हवा बरी आहे," मी म्हणालो.

"हाय," हवालदार म्हणाले.

हवेचा विषय तिथंच संपला. अखेर मी मुद्द्यालाच हात घातला. अव्वाकडं वळलो आणि, समोरच्याला आपली भाषा येत नसली की माणूस करतो तसं, ओरडून आणि सावकाश विचारलं, "अव्वा, तुम्हाला, काय, होतंय?"

अव्वानं मान वर केली. पदरातून आवाज आला, घोगरा, तोंडात कापूस कोंबल्यासारखा. "हौद."

सगळ्यांनी हौदाकडं पाहिलं.

"हौदाचं काय?"

"बायि," अव्वा म्हणाली. मग जरा थांबून, "हल्ल." आणि पदराच्या आतून एक बोट कुठंतरी दाखवत, "अल्लि."

बोट कुठं दाखवलं ते पदरामुळं नीट कळलं नाही. आमच्या बाजूनं पाहिलं तर ते सरळ हौदाकडं होतं.

"क्या बोली?" चाचीनं मला विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते, आत्या तर अभिमानानं बघत होती. आणि कॉलेजात त्या दिवसांत आम्हांला संस्कृत श्लोकांचा अन्वय लावायला शिकवत होते. शब्द उलटसुलट पडलेले असतात, ते नीट ओळीत लावायचे की अर्थ निघतो. मी चार शब्द मनाशी घोळवले. हौद. बाई. हलली. आली.

"हौदात," मी म्हणालो, "बाई आली. हलली."

कंदिलाची वात तेवढ्यात फडफडली. (रॉकेलमध्ये पाणी होतं. हवालदारांच्या वाट्याचं.)

गुरुजींनी डोळे मिटून शब्द जुळवून पाहिले. "अन्वय बरोबर आहे," ते हळूच म्हणाले.

आणि मग जे झालं, ते मी सरांना सांगितलं असतं तर त्यांना फार आनंद झाला असता. आवार बोलायला लागलं.

काकू म्हणाल्या, वाईला त्यांच्या माहेराजवळच्या घाटावर एक बाई कातरवेळी ओली वेणी पिळत बसते, तिच्या वेणीचं पाणी कधी संपत नाही. चाची म्हणाली, तिच्या नानीच्या गावातल्या विहिरीतून बाळाला अंगाई म्हटल्यासारखा आवाज यायचा. हवालदार म्हणाले, "आमची पल्टन वाळवंटात हुती. तितं पानीच न्हवतं. तरी बाई हुती."

"पान्याबिगर?" आत्यानं विचारलं.

"वाळूत," हवालदार म्हणाले. "पवायची."

चाची सरकून काकूंजवळ गेली. काकूंनी तिचा हात धरला. दोघींच्या लक्षात आलं, तेव्हा हात धरून बराच वेळ झाला होता आणि सोडायला दोघींनाही भीती वाटत होती. माणसं घरी जायला उठेनात, कारण एकट्यानं अंगण ओलांडायची कुणाची तयारी नव्हती. शेवटी आम्ही सगळे मिळून प्रत्येकाला त्याच्या दारापर्यंत पोचवत गेलो. आत्या आधीच घरात गेली होती, सगळ्यात शेवटी पलीकडच्या दाराशी मी एकटा उरलो. मला पोचवायला कुणी नव्हतं. ते दहा पावलांचं अंगण मी कसं ओलांडलं ते मला आठवत नाही. मागं हौदात काहीतरी टपकत होतं, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून हौदाचं पाणी बंद.

"त्यातलं पाणी मी देवाला घालणार नाही," गुरुजी म्हणाले.

"मग नदीवरून आणावं लागेल," काकू म्हणाल्या.

"आनंल की," आत्या म्हणाली. "आमचा शिरपा हाय."

चार बिऱ्हाडांचं पाणी मी कृष्णेवरून कावडीनं आणू लागलो. अगोदर जे एकमेकांना फक्त "सरका" म्हणायचे ते आता मला निरनिराळ्या गोष्टी म्हणायचे. "श्रीपती, आमची घागर आधी." "बेटा, जरा जल्दी." "कालिजवाले, डावा खांदा खाली चाललाय, सरळ ठेवा." खांद्याची सालपटं निघाली. पण तक्रार कुणाकडं करणार? बाई मीच काढली होती.

अव्वा मात्र अजून हौदापाशीच बसायची. भाकरी अजून परत येत होती. आता तर आवार तिच्याकडंही निराळ्या नजरेनं पाहू लागलं. हौदातल्या बाईशी हिचं बोलणं आहे म्हणजे काय? काकूंनी आत्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हिला धरलं तर नसेल?"

"असं नका म्हनू," आत्या म्हणाली. पण त्या दिवशी तिनं भाकरीची ताटली उंबऱ्याबाहेरून सरकवली. मला ते बरं वाटलं नाही. म्हातारी वाळत चालली होती, पदराबाहेरचं मनगट काडीसारखं झालं होतं, आणि निंगाप्पाला आम्ही काय तोंड दाखवणार, हा प्रश्न होता तिथंच होता. उलट आता त्याची आई भुताची मैत्रीण म्हणून त्याला आवार सोडावं लागेल, अशी कुजबुज सुरू झाली होती.

"बाईला काय हवंय ते द्या, ती सोडेल म्हातारीला," असं गुरुजींनी ठरवलं. काकूंनी हळदकुंकू वाहून हौदाच्या उत्तरेच्या काठावर दहीभात ठेवला. उत्तरेच्या का, तर अव्वा तिथं बसते म्हणजे बाई तिथूनच येत असणार. चाचीनं ऊद जाळला आणि शेवयांच्या खिरीची वाटी ठेवली. आत्यानं भाकरी आणि खर्डा ठेवला. हवालदारांनी चिवडा ठेवला आणि सलाम ठोकला.

सकाळी बघतो तर दहीभाताची वाटी लखलखीत. खिरीची वाटी चाटूनपुसून. भाकरीला स्पर्श नाही, चिवड्याचा एक दाणा हललेला नाही.

आम्ही सगळे त्या ताटल्यांभोवती उभे राहिलो. तोवर बाई ही एक गोष्ट होती. आता तिला आवड होती.

दुसऱ्या दिवशी शिरा गेला, दशमी राहिली. तिसऱ्या दिवशी गुरगुट्या भात गेला, चकली राहिली.

"हितं एक पॉइंट हाय," हवालदार म्हणाले. "बाईला दात न्हाईत."

"भुतांना असतात?" मी विचारलं.

"वाळवंटातलीला हुते."

मग बायकांची ईर्षा लागली. आज बाईनं कुणाचं खाल्लं? चाचीची खीर रोज संपायची. काकूंना ते जरा लागलं असावं. एका दुपारी त्या चाचीच्या उंबऱ्याशी उभ्या राहून विचारताना मी ऐकलं, "शेवया आधी तुपात परततेस का गं?" आत्यानं भाकरी थापायची सोडून तिच्या आयुष्यात पहिल्यांदा शेवया केल्या. त्या बाईनं खाल्ल्या, तेव्हा आत्या दिवसभर खुशीत होती. भुतानं आपल्या हातचं खाल्लं याचा इतका आनंद होणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि संध्याकाळच्या बैठकीत आता कुणी आपापल्या काठाला बसत नव्हतं. सगळे दक्षिणेला, कंदिलाभोवती, एकमेकांना चिकटून. उत्तरेला फक्त अव्वा. आणि ते कण्हणं.

महिना भरत आला. निंगाप्पा केव्हाही येईल अशी वेळ आली, आणि आत्याचा धीर सुटला.

"शिरपा, तू त्या बाईशी बोल," ती म्हणाली. "तुला तिची भाषा कळती. सांग तिला, म्हातारीला सोड म्हनावं. निंगाप्पा यायच्या आत."

"मी?"

"तूच तर म्हंतोस, बोलल्यानं समदं सुटतं."

माझेच शब्द होते. त्या दिवशी दिवेलागणीला आवार दक्षिणेच्या काठाला जमलं. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला, पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. अव्वा तिच्या जागी दिसत नव्हती. तिचं दार उघडं आणि आत काळोख. गुरुजी ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. चाचीच्या ओठांतही काही चाललं होतं. हवालदारांनी काठी खांद्याला लावली होती.

मी कंदील घेऊन हौदाच्या काठावर चढलो. काठावर शेवाळ होतं. खाली पाणी काळं, त्यात कंदिलाचा एक डोळा. कॉलेजचा मान राखायला हवा होता. मी घसा साफ केला.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही कोण आहात?"

"आहाऽत," हौद म्हणाला.

आणि हौदाच्या पलीकडून, फळ्यांच्या मागून, एक आकृती हळूहळू वर आली. ओलं लुगडं, टपटप गळणारा पदर. पदर खाली घसरला, आणि कंदिलाच्या उजेडात मला तिचं तोंड दिसलं. निम्मं तोंड माणसाचं होतं. उरलेलं निम्मं भोपळ्यासारखं फुगलेलं, चकाकणारं, आणि त्या बाजूचा डोळा पार मिटलेला.

"यारऽ?" ती आकृती म्हणाली.

माझ्या मागं हवालदारांची काठी पडल्याचा आवाज आला. "यार म्हंतीया," ते कसेबसे म्हणाले. "कुनाच्या तरी वळखीची हाय."

"माझ्या नाही," गुरुजी म्हणाले.

मी एक पाऊल मागं घेतलं. मागं काठ नव्हता.

पाण्यात पडताना माणसाच्या मनात मोठे विचार येतात असं मी वाचलं होतं. माझ्या मनात आलं, की बाई काठावर आहे, म्हणजे आता हौदात मीच. कंदील विझला. मी फळ्यांखाली गेलो, डोकं आपटलं, आणि मदतीसाठी ओरडलो. तो आवाज हौदानं स्वतःचा करून बाहेर सोडला. वर काय ऐकू गेलं ते मला नंतर कळलं. सगळ्यांचं म्हणणं, आवाज बाईचाच होता. त्यामुळं कुणीच पुढं आलं नाही. चाची आणि काकू तर एकमेकींच्या गळ्यात पडून एकाच वेळी अल्लाला आणि महागणपतीला हाका मारत होत्या.

"कोन पडलं हो हौदात?"

हा आवाज फाटकाकडून आला. निंगाप्पा होता. खांद्यावरचा गठ्ठा टाकून तो धावला, फळ्या बाजूला केल्या आणि एका घोंगडीचं टोक आत सोडलं. मी वर आलो. डोक्यावर शेवाळ, नाकातोंडात पाणी, एक पायताण आत. आत्यानं काडी ओढून माझ्याकडं पाहिलं आणि किंचाळली. मग ओळखलं.

निंगाप्पानं मात्र माझ्याकडं लक्षच दिलं नाही. त्याचं लक्ष त्या सुजलेल्या तोंडाकडं गेलं होतं.

"अव्वा!"

अव्वानं त्याचा हात धरला आणि रडत, भराभर कानडीत बोलू लागली. गालाला बोट लावून. तेच शब्द. बायि. हल्ल.

"दाढ सुजलीया," निंगाप्पा आमच्याकडं वळून म्हणाला. "महिना झाला म्हनती. तुमास्नी पयल्याच दिशी सांगितलंय म्हनती."



"काय सांगितलं?" आत्यानं अगदी हळू विचारलं.

"बायि म्हंजी त्वांड. हल्ल म्हंजी दात. अल्लि, तितं. गार पान्यात पदर भिजवून गालाला लावीत बसायची, तेवढंच बरं वाटायचं."

"आणि," गुरुजींनी विचारलं, "हौद?"

"हौद म्हंजी व्हय."

('यार' म्हणजे 'कोण', हेही मग कळलं.) मी लुगड्यागत पिळून काढल्यासारखा उभा होतो. अंधारात गुरुजी काकूंना पुटपुटले ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"म्हणजे गेले पंधरा दिवस आपण 'होय'ला नैवेद्य दाखवत होतो."

अव्वा पुन्हा काही बोलली. ती आता आम्हां सगळ्यांकडं बघत होती, उघड्या असलेल्या एका डोळ्यानं. निंगाप्पा ऐकता ऐकता डोळे पुसू लागला.

"अव्वा म्हनती," तो म्हणाला, "हितली मानसं लय मोठ्या मनाची हायती. भाषा येत न्हाई, तरी मला भाकरी चावत न्हाई ते वळखलं. रोज कुनी दहीभात, कुनी खीर, मऊ मऊ करून माझ्या दाराशी ठिवलं म्हनती. हळदकुंकूबी वाहिलं. एवढा मान मला माझ्या गावात कुनी दिला न्हाई म्हनती." मग माझ्याकडं वळला. "आन् ह्या कालिजवाल्या पोरानं समद्यास्नी समजावून सांगितलं. त्यानंच तिचं दुखनं जानलं म्हनती."

मी आत्याकडं पाहिलं. आत्यानं काकूंकडं पाहिलं. काकूंनी चाचीकडं पाहिलं. चाचीनं जमिनीकडं. हवालदारांनी खाली पडलेली काठी उचलली आणि विनाकारण पुसली.

"खरं हाय न्हवं?" निंगाप्पानं विचारलं.

शेवटी वेदांचं पठण करणाऱ्या त्या गळ्यातून आवाज आला.

"हौद," गुरुजी म्हणाले.

"हौद, हौद," काकू म्हणाल्या.

"हौद," चाची म्हणाली, आत्या म्हणाली, हवालदार टाच आपटून म्हणाले. आणि आमच्या मागं हौदही म्हणाला, जरा जाड आवाजात.

"पर ह्यो पान्यात कशापायी उतरला?" निंगाप्पाला अजून शंका होती.

"पानी किती हाय बघाया," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दाढ काढली. अव्वा भाकरी खायला लागली, तरी चाचीची खीर रोज तिच्या दाराशी जायची आणि आता काकूही त्यात शेवया कमी-जास्त सांगायला असायच्या. बैठक चालू राहिली. दिवेलागणीला कुणी कुठल्याही काठाला बसतं. अव्वा कानडीत गोष्टी सांगते, निंगाप्पा असला तर अर्थ सांगतो. नसला तर आम्ही कळल्यासारखं हसतो. मला मात्र अन्वय लावायची कुणी परवानगी देत नाही.

आणि तो एक शब्द आवारात राहून गेला. "दूध आलं का?" "हौद." "भाडं दिलं?" "हौद." आम्हांला त्याची इतकी सवय झाली, की हा आपला शब्द नाही हे मी विसरून गेलो.

निकाल लागला त्या दिवशी वडील दहिवडीकडून चालत, मिळेल त्या गाडीनं, सांगलीला आले. मी काठावर बसलो होतो. पास झालो होतो, पण अजून माझाच विश्वास बसत नव्हता, म्हणून खाली मान घालून पाण्याकडं बघत होतो. वडील फाटकातच थांबले. घाबरत घाबरत त्यांनी विचारलं, "शिरपा, काय झालं रं? पास झालास न्हवं?"

"हौद," मी म्हणालो.

वडिलांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा हौदाकडं. मग धावत येऊन त्यांनी माझा दंड असा धरला की अजून दुखतो.

"असं मनात आनू नगंस, लेका," ते म्हणाले. "चल गावाकडं. आपल्या माणात बुडून मरायचं म्हटलं तरी पानी न्हाई."